शीव सुटेपर्यंत मुदत गेली

आप्पा, आज जमीनदाराचा कारभारी आला होता आणि मी सही केली नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे नीट लिहिता येईल. हाताला अजून घाम आहे. कागदाला डाग पडू नये म्हणून मनगटाखाली फडके घेतले आहे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी नदीकाठच्या शेताचा विषय निघाला की लोक तुम्हालाच हसतात. "एका वेलीपायी शेत घालवलं," म्हणतात. मामा तर तोंडावर म्हणतो. तो कॅसलरॉकला रेल्वेच्या कामावर लागल्यापासून वेळेचा त्याला फार अभिमान आहे. गाडी कोणासाठी थांबत नाही, हे तो गाडी स्वतःची असल्यासारखे सांगतो.

ते शेत आपल्या माणसांनी रान मोडून केलेले, पण कागद जमीनदाराकडे होता, म्हणून खालच्या कोर्टाने ते त्याचे ठरवले. वकील म्हणाले, अपिलात दम आहे, फक्त मुदतीत दाखल झाले पाहिजे. तुम्ही निकालाची नक्कल घेऊन घरी आलात, परड्यात पाय धुतलेत, पेज प्यायलात, आणि त्याच आठवड्यात गावात देवीची साथ आली. गावकार तुम्ही, गावाच्या चालीरीती पाळायचा मान तुमचा. चालीप्रमाणे तुम्हीच रानातली वेल ओढून आणलीत आणि वाटेवर या झाडापासून त्या झाडापर्यंत बांधलीत, म्हणजे गावाची शीव बांधलीत. शेवटच्या रोग्याची खपली पडेपर्यंत आतले माणूस बाहेर नाही आणि बाहेरचे आत नाही. आपल्या घरात कोणीच आजारी नव्हते. लोकांना खुपते ते हेच.

मामा येतो तो दिवस मला अजून दिसतो. तो वेलीपासून लांब, नाकावर पंचा धरून उभा आहे आणि तुम्ही अलीकडे दगडावर बसला आहात.

"दाजी, मुदत सरत आली की! तुमी येऊ नका, कागद तेवढं टाका हिकडं. मी नेतो."

"आतलं काय बी भायर जायाचं न्हाई."

"कागदाला कुठं देवी येत्यात व्हय?"

"येत न्हाईत म्हनून तुला ठावं हाय? मला न्हाई. तुज्या घरात बारकी पोरं हायत."

"मग आता देवीलाच वकील लावा!"

तुम्ही हसता. खरेच हसता. "लावलं असतं तिला. खरं ती बी शिवंच्या आतच हाय."

शीव सुटली तेव्हा तुम्ही घाट उतरून कोर्टात गेलात. कारकुनाने तारीख पाहिली आणि मुदत संपल्याचे सांगितले. वकिलांनी तुम्हाला बाजूला घेतले. उशिराला सबळ कारण दाखवले तर कोर्ट ऐकते. तुम्हाला ताप होता असे लिहू, कोण तपासायला येणार आहे? हे तुम्ही घरी आल्यावर आईला सांगत होता. "मी हिंडत फिरत हुतो, साऱ्या गावानं बघितलंय. ताप कसा म्हनू?" मग अर्जात खरे तेच लिहिले गेले. त्यावर न्यायाधीश म्हणाले, शीव सरकारने बांधली नव्हती. तुम्हीच बांधलीत, तुम्ही सोडू शकत होता. अपील मुदतीबाहेर म्हणून काढून टाकले. खालचा निकाल कायम झाला. बेलीफ येऊन कब्जा देऊन गेला, उभ्या भातासकट.

न्यायाधीशांच्या त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कायद्याने ते बरोबर असेल. पण गावकारानेच शीव ओलांडली असती, तर दुसऱ्या दिवशी बाजाराला जाणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवले असते? साथ आपल्या गावातून पुढच्या गावात गेली नाही. याची दखल कोणत्याही कोर्टाने घेतलेली नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

आता आजचे. जमीनदार तेच शेत आपल्याला खंडाने कसायला द्यायला तयार आहे. आईच्या डोळ्यांत पाणी आले, इतका आनंद तिला झाला. कुळाने लिहून द्यायची ती कबुलायत मी तीनदा वाचली. तिच्यात एक वाक्य होते: ही जमीन मुळापासून मालकांची, आमच्या घराण्याचा तिच्यावर कधीच हक्क नव्हता. मी म्हटले, एवढे वाक्य काढा, बाकी सगळे कबूल आहे.

कारभारी हसला. "अरे बाबा, एका वाक्यानं भात कमी पिकणार हाय व्हय?"

"न्हाई. मग काढा की."

"शाळा सोडलास, खरं मास्तरकी गेली न्हाई तुजी. बापूस वेलीला अडला, तू वाक्याला अड."

"बापूस अडला न्हाई. थांबला."

एवढे बोलून मी कागद त्याच्याकडे सरकवला. शेत गेले, हे मला मान्य आहे. मुदत चुकली की तोच वाद पुन्हा काढता येत नाही, तेही समजले. पण वरच्या कोर्टाने आपल्याला फक्त उशीर झाला म्हटले. शेत कोणाचे, हे त्याने पाहिलेच नाही. जे त्याने म्हटले नाही, ते मी माझ्या हाताने का लिहून देऊ? कारभारी कागद गुंडाळून गेला. शेत दुसऱ्याला मिळेल. आई चुलीकडे तोंड करून बसली आहे. मी मामाकडे रुळाच्या कामाला जाणार आहे, आणि तो हसला तर हसू दे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी मी ते पाठवले नसते, कारण पुढचे तुम्ही वाचावे असे मला वाटत नाही. त्या दिवशी ताप होता असे तुम्ही म्हणाला असता, तर मी तुम्हाला कधी एका शब्दाने विचारले नसते, आणि आज त्या शेताचा भात पोटभर जेवलो असतो.