अठरा वर्षांचा रंग

प्रिय दादा,

पळून गेला, पळून गेला, हे तू अजून किती वर्षं म्हणणार आहेस? वहिनीच्या माहेरच्या लग्नातसुद्धा चारचौघांत तेच सांगितलंस म्हणे, की साहेबाच्या हातापाया पडून ह्याला रंगाच्या कंपनीत चिकटवला आणि हा चौथ्या दिवशी बूट गेटवर टाकून पसार. झालो पसार. मला तो वास सहन झाला नाही. भातालासुद्धा तोच वास यायचा. तू म्हणालास, सवय होते. मला कसलीच सवय होत नाही. नागावला पर्यटकांना बोटीत बसवायचं काम सोडलं, पनवेलला टेम्पो सोडला, आणि आता इथे ओमानात तेलाच्या रिकाम्या टाक्या आतून धुतो. ते भांडण आता राहू दे. मी दुसऱ्याच कामासाठी लिहितोय.

फोनवर बोललो असतो, पण तू "बरा हाय, जेवलास का?" एवढं म्हणतोस आणि फोन वहिनीकडं देतोस. म्हणून कागद. माझ्या खोलीतला अझहर म्हसळ्याचा आहे, सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती देतो. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

इथलं बरं आहे. टाकीत उतरताना तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि बाहेर आलं की मुकादम आंघोळ केल्याशिवाय सोडत नाही. अधूनमधून लघवी तपासतात. मागच्या वेळी बाटली घेऊन रांगेत उभा होतो तेव्हा तुमची कंपनी आठवली. पाळी सुटली की तुम्ही मागच्या भिंतीशी ओळीनं उभे राहायचात आणि कोंडाजीकाका ओरडायचा, "आज पिवळा माल हाय रं! साहेबाला सांगा, आमचं बी प्रॉडक्शन चालू हाय!" सगळे हसायचे. त्या चार दिवसांत मीही हसलो. ज्या दिवशी जो रंग भरायचा, तोच बाहेर यायचा, त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

घरी तरी कुठं वाटत होतं? तुझी उशी पिवळी, गंजी गुलाबी. शिमग्याला आपण कधी रंग विकत आणला नाही. तू नुसता अंगावर तांब्या ओतून पोरांच्या मागे धावलास की पोरं रंगायची. आई म्हणायची, पगाराचा रंग हाय, असू दे. आणि कंपनी पाळी सुटताना गुळाचा खडा द्यायची, आत गेलेलं सगळं गुळानं निघून जातं म्हणून. त्यातला अर्धा तू खिशातून माझ्यासाठी आणायचास. तोही रंगलेला असायचा. मी खायचो.

कोंडाजीकाका काम सोडून घरी बसला, तरी त्याला लघवी लाल होत होती. दुखत काही नव्हतं. आधी सगळे म्हणाले जुना रंग आहे, मग म्हणाले पथरी आहे. तो कुळथाचं पाणी पीत राहिला. मुंबईला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, लघवीची पिशवीच काढायला हवी होती, आता तेही होण्यासारखं नाही. त्याला खांदा देताना मी तुझ्या पुढे होतो. तू वाटेत म्हणालास, म्हातारा पाणी कमी प्यायचा.

तर त्या तपासणीच्या दिवशी मी इथल्या डॉक्टरला गंमत म्हणून सांगितलं. केरळचा आहे, हिंदी येतं त्याला. म्हटलं, माझ्या भावाची बाटली बघाल तर चक्रावाल, कंपनी दिवाळीपासून बंद आहे तरी त्याचा रंग उतरतोच आहे. वहिनीनं तुझेच शब्द मला सांगितले होते, "अठरा वर्षांचा रंग हाय, उतरायला येळ लागंल." तो हसला नाही. म्हणाला, रंग असता तर दोन-चार दिवसांत निघून गेला असता. इतक्या महिन्यांनी येतं ते रक्त. रक्त यायला कारणं बरीच असतात, पण रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर होऊ शकतो, काम सुटून वर्षं झाली तरी होऊ शकतो. दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही. मध्येच थांबतं, म्हणून बरं झालं असं वाटतं. बिडी ओढतो का, विचारलं. हो म्हटलं. मग त्यानं पुढच्याला बोलावलं. मी जाऊन जेवलो. मासा होता. मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही, सगळं मोजे घालून हाताळल्यासारखं लागतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "भावजी, मला ठावं हाय. ह्यांना बोलू नका." तिच्या माहेरच्या त्या लग्नात तू पांढरा पायजमा घातला होतास, त्याला डाग पडला होता. तुझे कपडे धुण्यात तिची सगळी वर्षं गेली, रंगाचा डाग कसल्याच साबणानं निघत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत? हा डाग वाळून तपकिरी झाला आणि थंड पाण्यात निघाला. तिनं तो परत परत धुतला आणि कुणाला काही बोलली नाही. तिच्यावर ओरडू नकोस. कुळीथ तीच उकळून देते आणि तूही मुकाट पितोस. नुसता रंग असता तर कुळथाचं पाणी कशाला प्यायला असतास, दादा?

हे पत्र त्यासाठी. अझहर घरी पोचला की तुला घेऊन मुंबईला जाईल, त्याला दारातून परत पाठवू नकोस. आधी सोनोग्राफी करतील, मग दुर्बीण घालून आतून बघतील. लवकर सापडलं तर त्याच वाटेनं खरवडून काढतात, पिशवी राहते. डॉक्टर बिडीचं विचारेल, ते खरं सांग, पण तेवढ्यावर थांबू नकोस. रंगाच्या कंपनीत होतो, पावडर हातानं भरत होतो, हे आपणहून सांग, ते कुणी विचारत नाही. कंपनीनं उद्या परत बोलावलं तरी तपासणी झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस. पेरणीला येतो म्हणालो होतो, ते आता जमणार नाही. भाताचं तुम्ही दोघं बघा, नाहीतर यंदा जमीन तशीच राहू दे. मी इथे अजून दोन वर्षांसाठी सही केली, म्हणून इथल्या कंपनीनं पैसे आगाऊ दिले. त्यात माझे साठवलेले घातलेत. यातला एक रुपयाही घराच्या स्लॅबला लावायचा नाही. वहिनीच्या खात्यावर टाकलेत, एक लाख साठ हजार.

तुझाच,
गणू