सहा ते साडेसात

शनिवार, ७ ऑक्टोबर. झ्वोले स्टेशन, सकाळी ७.४०
नवी वही. ठरवलंय ते आधी लिहून टाकते. आठ दिवस, चार शहरं: गेंट, लील, पॅरिस, दिजों. रोज एक चित्र बघायचं, रोज एक नवा पदार्थ खायचा. तक्रार शून्य. माझ्यापासून वेगळं राहायचं की नाही, ते येल्ले शेवटच्या दिवशी सांगणार. तोवर विषय काढायचा नाही, हे मीच सुचवलं. तो "बरं" म्हणाला. बावीस वर्षांच्या संसारात मला त्याचे सगळे "बरं" कळतात. हा आशेचा होता.

मुख्य म्हणजे तो आला. ट्रिप मार्चमध्ये ठरली, वेगळं राहायची गोष्ट जुलैमध्ये निघाली, तरी त्यानं ट्रिप रद्द केली नाही. सोडून जाणारा माणूस इस्त्रीचे शर्ट घेऊन येतो का? तीन आणलेत.

डब्यात ब्रेड, चीज, पीनट बटर. दुपारचं जेवण म्हणजे ब्रेड. त्यासाठी हॉटेलात बसायला आम्ही काय राजेरजवाडे? संध्याकाळी सहाला मात्र गरम, नवीन, धाडसी.

रविवार, ८ ऑक्टोबर. गेंट
चर्चमधली वेदीवरची चित्रं. मासिकात वाचलेली पद्धत: चित्रासमोर वीस मिनिटं गप्प उभं राहायचं, मग दोघांनी एकेक भावना सांगायची. मी म्हणाले, करुणा. येल्ले म्हणाला, पाय दुखतायत.

प्रामाणिक सुरुवात.

सहाला कोंबडीचा सायीतला रस्सा. येल्लेनं ताट पुसून खाल्लं, "मस्त जमलाय" म्हणाला. वर्षभरात त्यानं माझ्या कशालाच मस्त म्हटलं नव्हतं. (रस्सा मी केलेला नाही. पण हॉटेल मी निवडलं.)

मंगळवार, १० ऑक्टोबर. लील
म्युझियम मंगळवारी बंद. दारावरचं पोस्टर वीस मिनिटं पाहिलं. माझी भावना: उत्सुकता. येल्लेची: थंडी.

सहाला जेवायला गेलो तर हॉटेल बंद. शेजारचं बंद. गल्लीच बंद. आत एक बाई टेबलं पुसत होती, काचेवर टकटक केली. साडेसातला उघडतं, म्हणाली. "सहाला कोण जेवतं हो? दवाखान्यातले पेशंट?"

आम्ही जेवतो. अख्खा नेदरलँड्स जेवतो. दुपारी ही बाई लोकांना वाढत होती तेव्हा आम्ही समोरच्या बाकावर ब्रेड खात होतो, आता आम्हाला भूक लागली तर हिचा गॅस बंद.

दीड तास पायरीवर. येल्ले म्हणाला, "नीन्के, वेळ आहे तर बोलू या का जरा?" मी त्याला दारावरचा मेनू वाचून दाखवला. मग खालून वर, पुन्हा.

गुरुवार, १२ ऑक्टोबर. पॅरिस
मोठं म्युझियम, उघडं. येल्ले चित्राकडे पाठ करून बाकावर बसला. काही माणसं कला पाठीनं घेतात. भावना विचारली तर म्हणाला, "तू लिही काहीतरी." विश्वास टाकतो माझ्यावर.

फेमकेचा फोन. "आई, बाबा बोलला का तुझ्याशी?" म्हटलं, अगं, खूप खुलतोय तो. "आई..." म्हणाली आणि पुढे काहीच नाही. रेंज गेली असावी. पोरीचा श्वास मात्र नीट ऐकू येत होता.

सहा ते साडेसात: तो पुन्हा "ऐक ना जरा". मी समोरच्या बुटांच्या दुकानात शिरले. सहा जोड घालून पाहिले. एकही घेतला नाही. बाहेर आले तर तो तिथेच उभा, माझी छत्री धरून.

निश्चय: उद्यापासून हा दीड तास 'आमचा वेळ' मानायचा.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर. दिजों
आजही सहाला पोचलो. आठवडा झाला तरी पोट ऐकत नाही. बारीक पाऊस. हॉटेलच्या दाराशी छोटंसं छप्पर, त्याखाली आम्ही दोघं. आसपास एकही दुकान नाही.

येल्ले म्हणाला, "मी ऑगस्टमध्येच फ्लॅटच्या कागदांवर सही केली. डेव्हेंटरला. चार नोव्हेंबरला जातोय."

मी विचारलं, मग आलास कशाला?

"अगं, डायरीत होतं ना. मार्चपासून. तुझी रजा, माझी रजा. ठरलेलं असं कसं मोडायचं?"

एवढंच कारण. वाईट म्हणजे मला ते पटलं. ताप असतानाही मी मावससासूच्या वाढदिवसाला केक खायला गेलेली बाई आहे, कारण तीन महिने आधी हो म्हटलं होतं. त्याच्या जागी मीही आले असते. शर्टसुद्धा इस्त्री केले असते.

म्हटलं, पण शेवटच्या दिवशी सांगायचं ठरलं होतं.

"उद्या ट्रेनमध्ये लोकांसमोर तुला रडू आलं असतं. रोज सांगायला बघतोय मी. तू बूट काय घालून बघतेस!"

साडेसातला दार उघडलं. आत गेलो. गोगलगायी. लसूण, लोणी आणि रबर. बारा होत्या, सगळ्या संपवल्या. टेबल आमच्या नावावर राखून ठेवलेलं होतं.

शनिवार, १४ ऑक्टोबर. परतीची ट्रेन
आज चित्र नाही.

ब्रसेल्स गेल्यावर येल्लेनं घसा साफ केला. सामान हलवायला भाऊ आणि ऑफिसमधले लोक येणार आहेत. अशा दिवशी सगळ्यांना काहीतरी गरम लागतं. गल्लीत कुणीही घर बदललं की तू वाटाण्याचं घट्ट सूप करून नेतेस, तसं करशील का, असं खिडकीकडे बघत विचारलं.

मी विचारलं, किती जणांचं?

तो बोटांवर मोजायला लागला. भाऊ, वहिनी, ऑफिसमधले तिघं, तो. "सहा." मग माझ्याकडे पाहिलं. "तू थांबणार असशील तर सात."

म्हटलं, सात.

आमच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात सहा जणांचंच सूप मावतं.