डावीकडे ओढते

३ मार्च, सकाळी ७
बाबांच्या जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन काल संपवलं. सांध्यांत नवे रबर बुश, नवे बोल्ट. गाडी जॅकवर, चाकं अधांतरी, बोल्ट दातओठ खाऊन आवळले. सगळं एकट्याने. वीसला आईच्या लग्नाचा वाढदिवस, तिला तलावापर्यंत नेणार. बाबांनी कबूल केलं होतं, पण सस्पेन्शन खोललं आणि वारले. मी आत बसू का, असं आई विचारत होती. म्हटलं, काम झाल्यावर बस.

संध्याकाळी
गाडी डावीकडे ओढते. किंचित. रस्त्याला उतार असणार.

५ मार्च
रस्त्याला उतार नाही. पाण्याची लेव्हल ठेवून पाहिलं. शेजारी खिडकीतून बघत होते.

६ मार्च
दोरी ताणून चाकांची मापं घेतली, बरोबर करून टाकली. प्रश्न मिटला. उद्यापासून व्यायाम.

७ मार्च
गल्लीत एकच फेरी मारली, मापं पुन्हा बदलली. व्यायाम पाठदुखीमुळे रद्द.

९ मार्च
अलाइनमेंटवाल्याकडे. मशीनवर सगळं हिरवं. चार किलोमीटर फिरून परत गेलो, तर लाल. बोल्ट कसे आवळले, असं तो विचारू लागला. त्याला शिकवत बसायला मला वेळ नव्हता.

११ मार्च, संध्याकाळी
चौकातून डावीकडे हॉस्पिटलचा रस्ता. स्टिअरिंग सोडलं की गाडी तिकडेच जाते. तीनदा पाहिलं. बाबा तिथेच गेले. घाबरलो वगैरे नाही. फक्त घरापर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून आलो.

१२ मार्च
गॅरेजमध्ये कुरकुर. बाबा खुर्चीतून उठताना गुडघे असेच वाजायचे. दार उघडलं, आवाज बंद. गाडीचं नाक कालच्यापेक्षा खाली. बायको म्हणाली, रबर असेल. हिला रबर कळतं, बाबा कळत नाहीत.

१३ मार्च
आता शंकाच नाही. बाबा गाडीत आहेत. आणि रागावलेत. शेवटचा फोन: अर्धा तास ये, गाडीत नुसता बस, बाकी मी करतो. मला वाटलं, एकटं वाटतंय म्हणून सबब काढताहेत. म्हटलं, रविवारी बघू. गुरुवारी ते गेले.

१४ मार्च
बॉनेटवर हात ठेवून माफी मागितली. मोठ्याने. मग चक्कर मारली. डावीकडेच.

१६ मार्च
डावं टायर उजवीकडे, उजवं डावीकडे. फरक नाही. गाडीशी रोज थोडं बोलतो. बरं वाटतं. घरात कुणाला सांगणार नाही.

१८ मार्च
आईला सांगावंच लागलं. वीसचं जमणार नाही, बाबांची इच्छा दिसत नाही. तिने विचारलं, बोल्ट आवळताना आत कोण बसलं होतं? कुणी नाही, गाडी जॅकवर होती.

कपाळावर हात मारून ती म्हणाली, तुझे बाबा गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घ्यायचे, चाकं जमिनीवर, मला आत बसवायचे आणि मग खालून आवळायचे. गाडीचं नि माणसाचं वजन पडल्याशिवाय आवळलं तर रबराला पीळ राहतो, गाडी भरकटते. मी अर्धा-अर्धा तास आत बसून विणायचे. शेवटच्या वेळी माझा पाय मुरगळला होता, म्हणून तुला बोलावलं.

म्हणजे सबब नव्हती. खरंच काम होतं. अर्ध्या तासाचं.

१९ मार्च
गाडी खड्ड्यावर. आई स्टिअरिंगमागे, बायको शेजारी. बोल्ट सैल केले. एकेक सुटताना तीच कुरकुर. गाडी बसू दिली, मग आवळले. मशीनवर हिरवं, फिरून आलो तरी हिरवं. अलाइनमेंटवाला एक अक्षर बोलला नाही. भला माणूस.

२० मार्च
आईला घेऊन निघालो. चौकात हात सोडले. गाडी सरळ गेली. वळवून पुन्हा आणली, पुन्हा सोडले. सरळ. आई म्हणाली, जमलं की, आता चल.

ती तलावाकडे उतरून गेली. मला उतरवेना. अर्धा तास गाडीत नुसता बसलो. खालून बाबांच्या पान्याचा आवाज काही आला नाही.