फोटोतल्या मटणामुळे बंद झालेल्या डब्याबाबत

प्रति,
माननीय मदत वितरण अधिकारी,
कुर्बानी दान स्वीकृती व गरजू साहाय्य कक्ष,
दुसरा मजला, जिन्याशेजारी.

विषय: माझ्या खालाने न खाल्लेले मटण तिच्या नावावरून कमी करून तिचा दुपारचा डबा पूर्ववत सुरू करणेबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाच्या तीन नोटिसा. पहिली खालाला, दुसरीही खालाला, तिसरी मला.

महोदय,

सविनय सादर करतो की, खाला म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वय झालेली, एकटी राहते, एका डोळ्यात मोतीबिंदू. आपल्याच कक्षाच्या स्वयंपाकघरातून तिला रोज दुपारी जेवणाचा डबा येत असे. तो बंद झाला आहे. अर्जाचा मुद्दा एवढाच. तो कसा बंद झाला हे पुढे लिहिले आहे. वाचताना अर्जदार थट्टा करतो आहे असे वाटल्यास कृपया आपल्याच नोटिसा एकदा वाचाव्यात, म्हणजे शंका दूर होईल.

१. कुर्बानीच्या दिवसांत लोकांनी गरजूंसाठी दिलेले मांस आपल्या सभागृहात वाटले जाते. देणाऱ्याचे समाधान व्हावे म्हणून प्रत्येक पाकिटामागे घेणाऱ्यासोबत त्याचा एक फोटो काढावा, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. खाला रांगेत पहिली असल्याने तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवले. तिच्या मागचा हमाल फोटोत हसत होता आणि अंगानेही चांगला भरलेला होता, त्यामुळे दाते हिरमुसले, तो फोटो रद्द झाला आणि हमालाला रांगेच्या शेवटी पाठवले. खालाच्या चेहऱ्यावर मात्र उजेड सुरेख पडत होता. फोटोग्राफर म्हणाले की खाला, आता तुम्ही उठूच नका.

२. मग दाता येई, पाकीट खालाच्या हातात देई, फोटो निघे, शिपाई तिच्या हातातले पाकीट काढून रांगेतल्या माणसाला देई आणि पुढचा दाता येई. शेवटचे पाकीट आपले, अशा समजुतीने खाला बसून राहिली. शेवटचे पाकीट हमालाला मिळाले. खालाला पाण्याची बाटली मिळाली, तीही अर्धी, कारण मध्येच फोटोग्राफरांना तहान लागली होती. याबद्दल तक्रार नाही. त्यांनीही दिवसभर उभ्याने काम केले होते.

३. नोंद मात्र फोटोवरून झाली. ज्यांना मांस मिळाले त्यांचे फोटो नाहीत, म्हणून ते वंचित ठरले आणि त्यांना दुसऱ्यांदा बोलावून पुन्हा पाकिटे दिली गेली. जिला काहीच मिळाले नाही, तिचे फोटो इतके, की अख्ख्या वस्तीचे मटण एकट्या खालाने उचलले असे दिसते. यावरून ती ‘सुस्थितीतील’ ठरली, तशी पहिली नोटीस दारावर लागली आणि डबा थांबला. खालाच्या तोंडात आता मोजून चार दात उरले आहेत, हे मी खिडकीवरच्या कारकुनांना सांगितले. ते म्हणाले, दात आमच्याकडे येत नाहीत, आरोग्य खात्यात विचारा.

४. माझ्या हरकतीवरून आपले निरीक्षक साठा तपासायला घरी आले. घरात एक खाट, एक स्टोव्ह, एक पत्र्याची पेटी. पेटीत खालाने स्वतःच्या कफनाचे कापड जपून ठेवले आहे. निरीक्षकांनी तेही उलगडून झटकून पाहिले, मग घाईने घडी घातली. खालाने ती पुन्हा नीट घातली. निरीक्षकांचा शेरा असा: ‘फ्रिज आढळला नाही. मांसासह अन्यत्र हलवला असण्याची शक्यता.’

५. यानंतर दुसरी नोटीस. कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करतात, एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. सबब खालाने गरिबांचा वाटा कक्षात जमा करावा. आमचे इमामसाहेब स्वतः आपल्याकडे येऊन सांगून गेले की वाटे ज्याने कुर्बानी केली त्याने करायचे असतात, फोटोत बसलेल्याने नव्हे. त्यांना लेखी द्यायला सांगण्यात आले. हेच इमामसाहेब दरवर्षी समजावतात की वर मांस पोहोचत नाही, नियत पोहोचते. खालाच्या घरीही तेवढीच पोहोचली आहे.

तिसरी नोटीस मला. नातलगांचा वाटा मिळाला की नाही, याचा खुलासा मागितला आहे. मिळाला असेल तर मीही सुस्थितीतील, नसेल तर वाटा दाबल्याबद्दल खालावर कारवाई. काय लिहू, असे खालाला विचारले. ती म्हणाली, मिळाला म्हणून लिही रे, नाहीतर लोक म्हणतील सख्ख्या भाच्याला वाळीत टाकलं. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. हल्ली माझ्याच ताटातले अर्धे तिच्याकडे जाते, त्यामुळे आम्ही दोघेही सुस्थितीकडे पाठ करून चाललो आहोत.

६. हे सर्व सोसले असते. परंतु पहिली नोटीस दारावर चिकटवल्यामुळे ती गल्लीने वाचली. शेजारची धोबीण, जिच्याशी खालाचे सासरी आल्यापासून वाटीचे येणेजाणे आहे, ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, एवढं आलं खाला, आणि आम्हाला वाटीभर रस्सासुद्धा नाही? त्या दिवसापासून दोन दारांमधली वाटी थांबली. हमाल भला माणूस आहे. त्याने दुसऱ्या वेळचे पाकीट शिजवून खालासाठी आणले. खालाने हात लावला नाही. म्हणाली, आता खाल्लं तर नोटीस खरी होईल. उपाशी होती, तरी हमालाला भांड्यासकट परत पाठवले.

तरी विनंती की,
अ) खालाने मांस खाल्लेले नाही, असा दाखला कक्षाच्या शिक्क्यानिशी मिळावा आणि तो नोटिशीच्या जागीच, धोबिणीला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात चिकटवावा.
ब) डबा सुरू करावा. खालाने हा मुद्दा दुसरा ठेवायला सांगितला आहे. मी तो पहिला लिहिला होता.

आपला नम्र आणि अद्याप नातलग,
खालाचा भाचा
(शिलाई मशीन दुरुस्ती, गल्लीच्या तोंडाशी)

दिनांक: आपली खिडकी उघडी सापडेल तो.

सोबत:
१) तिन्ही नोटिसा.
२) आपल्या स्वयंपाकघराचा एक डबा, झाकणासह. शेवटच्या दिवशीचा हा डबा खालाकडेच राहिला होता. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये म्हणून तिने धुऊन पुसून त्यात मूठभर साखर घातली आहे. घरात तेवढीच होती. स्वीकारून पोच द्यावी. फोटोची आवश्यकता नाही.