रनोंगचा पाऊस आणि उलटा गवती चहा

रनोंग, गुरुवार संध्याकाळ

आदरणीय प्रयोंगताई,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल आणि हे पत्र तुम्ही स्वतःच वाचत असाल, असं धरून चालते. तुमच्या मांजरीला पुन्हा पिल्लं झाल्याचं कळलं. अभिनंदन कोणाचं करावं हे न समजल्यामुळे सगळ्या घराचंच करते. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, फक्त ओले आहोत.

उद्या बारा ऑगस्ट, मातृदिन, त्याला जोडून सुट्ट्या, म्हणून तोनने ठरवलं की आईला हवापालट हवा. मुलगा प्रेमाने नेतो म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. रनोंगला आठ महिने पाऊस आणि चार महिने ऊन असतं हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, पण तोनला वाटलं ती नुसती बोलायची पद्धत आहे. (मुलगा इंजिनियर आहे, त्यामुळे म्हणींवर त्याचा विश्वास नाही.) गाडीत तो, सूनबाई प्लोय, प्लोयची धाकटी बहीण फिम आणि मी. फिम बँकेत असते, अजून लग्न व्हायचं आहे, स्वभावाने गरीब. शहराची वेस लागली तीच पावसात. म्हणजे लागली असावी. मला काचेतून काही दिसलं नाही.

प्रवासात एक नियम होता. तो मला कोणी सांगितला नव्हता, पण मला सोडून सगळ्यांना सांगितलेला दिसत होता. बाबांचा विषय काढायचा नाही, आईला त्रास होतो. रेडिओवर एक जुनं गाणं लागलं, ते तुमचे भाऊ बुनसोंग दाढी करताना गुणगुणत असत, तर ते बंद करायला एकदम तीन हात धावले आणि गाडी ट्रकच्या अंगावर जाता जाता वाचली. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा त्यांच्या आवडीची माशाची आंबट आमटी मागवायची की नाही यावर नवराबायकोत डोळ्यांनी बरीच चर्चा झाली आणि शेवटी कोंबडी आली. फिम विसरून म्हणाली, "काका म्हणायचे की कोंबडी ही..." तेवढ्यात प्लोयने तिला टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली. प्लोयला वाईट वाटेल म्हणून मी हळूच पाय आत ओढून घेतला. कोंबडीबद्दल ते काय म्हणायचे हे मला आठवेना, फिमला विचारायचं होतं, ते राहूनच गेलं.

गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. तोनचा फोन म्हणत होता की चार वाजता पाऊस थांबेल, म्हणून आम्ही छत्र्या घेऊन कुंडात पाय सोडून बसलो. खालून उकडलेले, वरून गारठलेले. शेजारी एक म्हाताराम्हातारी बसली होती. तो तिच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि ती परत त्याच्याकडे ढकलायची, असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. मी दुसरीकडे बघत बसले. चार वाजले, पाऊस वाढला. तोनने फोन दोनदा बंद करून चालू केला, जणू पाऊस त्यातूनच येत होता.

परत आलो तर लॉजची मालकीण, पा तिम, ओसरीवर लसूण सोलत बसली होती. बाई माझ्याच वयाची, आवाज मात्र भोंग्यासारखा. म्हणाली, "अहो, फोन काय बघताय? मागे गवती चहा आहे. एक जुडी उपटा, शेंडा खाली मुळं वर करून लावा, थांबेल." तोन हसला, पण लगेच म्हणाला, "लावू या की." लावायला कुमारिका लागते हे तुम्हाला माहीत आहेच. सगळ्यांनी फिमकडे पाहिलं. फिम म्हणाली तिचं डोकं दुखतंय. प्लोय म्हणाली, डोकं दुखतंय तर दुखू दे, गवत कुठे डोक्याने लावायचंय. फिम म्हणाली, "ताई, आणि नाही थांबला तर? घरी जाऊन आईला काय सांगशील?" (मुलगी हुशार आहे. बँकेत बढती मिळेल.)

"मग विधवा चालते," पा तिम म्हणाली. "आमच्याकडे चालते. एकाच नवऱ्याची हवी फक्त."

प्लोय लसणाच्या सालींकडे बघायला लागली. आणि आपला तोन, अगदी सौम्य आवाजात, त्या बाईला म्हणाला, "इथे तशी कोणी नाही."

तो चांगल्या मनाने म्हणाला हे मला कळतं. मी उठले. म्हटलं, "आहे. मी आहे." फेब्रुवारीपासून मी जी काय आहे, तिचा कोणाला तरी पहिल्यांदाच उपयोग होत होता.

पा तिमने माझ्यावर छत्री धरली आणि आम्ही मागच्या चिखलात गेलो. वाकून जुडी खुपसत होते तेव्हा तिने विचारलं, "नाव काय होतं हो त्यांचं?" मी म्हटलं, "बुनसोंग." मग पुन्हा एकदा सांगितलं. "कसे होते?" म्हटलं, "हट्टी. चष्म्यावर थेंब पडल्याशिवाय पाऊस आहे हे मान्य करत नसत. आणि पडला की म्हणत, जाईल निघून." ती हसली. म्हणाली तिचा नवरा तर छत्री काखेत ठेवून भिजायचा, छत्री खराब होईल म्हणून. मग मी त्यांच्या घोरण्याचं सांगितलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं सांगितलं. ओसरीवरून तोन हाका मारत होता, "आई, झालं का?" मी म्हणत होते, "होतंय."

आत आलो आणि पाऊस असा कोसळला की समोरचं घर दिसेना. पा तिमने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, खरं सांगा. नवरा एकच होता ना?" मला हसू आलं, ते आवरेना. फिम तर सुटका झाल्यासारखी हसली. तोन उठून आत गेला. थोड्या वेळाने टॉवेल आणून त्याने माझे केस पुसले, लहानपणी मी त्याचे पुसायची तसे, नीट, कानामागेसुद्धा. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "आई, उद्या ऊन पडेल."

आता सगळे खाली पत्ते खेळताहेत. माझ्या खोलीत दोन पलंग आहेत. एकावर ओले कपडे वाळत घातले आहेत, म्हणजे तो रिकामा दिसत नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
अम्फाय

ता. क. गवती चहा लावताना "पाऊस थांबू दे" असं म्हणायचं असतं. बोलण्याच्या नादात माझं ते म्हणायचं राहिलं. तोनला कळवू नये.

ता. क. दुसरा. हवापालटाने मला बरं वाटतंय असं तोन तुम्हाला फोनवर सांगेल. त्याला हो म्हणा.

ता. क. तिसरा. आम्ही शनिवारी परत येऊ. रविवारी रात्री सगळे माझ्याकडे जेवायला आहेत, तेव्हा तुम्ही फोन करा. तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हाला गप्प बसवण्याची तोनची हिंमत नाही. गेल्या खेपेला तुम्हीही फक्त माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत. गुडघे बरे आहेत. बुनसोंगबद्दल काहीतरी बोला. लहानपणी त्यांनी काही चोरलं असेल, कोणाला मारलं असेल, तेही चालेल. जरा मोठ्याने बोला, फोन मी ताटांच्या मधोमध ठेवीन.