काकाचं पाकीट

केनान,

मी प्रयोगशाळेत चाललेय. तुमच्या गटाच्या इतिहास प्रकल्पासाठी, 'साराजेव्होच्या वेढ्यातले व्यवहार' या तक्त्यावर लावायला तू काढलेलं सिगारेटचं पाकीट मी बाबांच्या कपाटात परत ठेवलंय. चिडू नकोस आणि ते कापू तर मुळीच नकोस.

वेढ्यातल्या कागदाच्या टंचाईत कारखान्याने ते शाळेच्या पुस्तकाच्या पानात गुंडाळलंय. बाहेर बेडकाचं अर्धं हृदय दिसतं. उरलेलं बघायला माझेही हात शिवशिवले. पण बाबा तर सिगारेट ओढत नाहीत! तेव्हा पैशांऐवजी पगारात मिळालेली बाकी पाकिटं त्यांनी तेल-पिठाच्या बदल्यात दिली, मग हेच का ठेवलं? सकाळी कॉफी पिताना विचारलं.

"ते सेनादचं आहे. पाणी आणायला गेलाय ना. आला की आधी सिगारेट मागेल."

'गेलाय' म्हणाले, केनान. ज्याच्या कबरीवर आपण दर ईदला जातो, त्या काकाबद्दल.

तुमच्या गटातल्या मीर्साला सांग, पाकिटाच्या फोटोवर भागव. टेबलावर ठेवलाय. 'बदल्यात काय मिळालं' हा रकाना आज कोराच राहू दे. संध्याकाळी बाबांसाठी कॉफी कर आणि काका कसा होता ते विचार. पण मी येईपर्यंत थांब, मलाही ऐकायचंय.

अम्रा