पायरीचोराला दहापैकी सात

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही टेबलाच्या खणात टाकून दिलंय, असं आईने कळवलं. म्हणून हा कागद. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम चालू आहेत, की नुसतं खिडकीत बसून खाली खेळणाऱ्या पोरांच्या चुका काढणं चालू आहे, ते खरं खरं लिहा.

आमचा ‘पायरीचोर’ अखेर बाजारात आला. तुम्हाला एकदा सगळं सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात, म्हणून पुन्हा सांगते. हा कॉम्प्युटरवर खेळायचा खेळ आहे. एक जादूगार एका राज्यातल्या सगळ्या पायऱ्या चोरून नेतो. घरांच्या, विहिरींच्या, राजवाड्याच्या, एकही सोडत नाही. मग एक मुलगी उड्या मारत, एकेक मनोरा चढत त्या परत आणायला निघते. चित्रं मुद्दाम जुन्या खेळांसारखी ठसठशीत चौकोनी ठिपक्यांची केली आहेत. लहानपणी शेजारच्या काकांकडे टीव्हीला जोडून खेळायचो ना, तशी. चित्रं माझी, प्रोग्रॅम माझ्या वर्गातल्या त्या चष्मेवाल्या ढापण्याचा. आम्ही दोघांनी एका खोलीत बसून हे सगळं उभं केलं याचा मला फार अभिमान वाटतो. तो आधीच लिहून टाकते, कारण पुढची बातमी तितकीशी चांगली नाही.

समीक्षा येऊ लागल्या आहेत. छापून सोबत पाठवते. रंग सगळ्यांना आवडले. जादूगार तर फारच आवडला, कारण तो चोरलेल्या पायऱ्यांची चळत लावून तिच्यावर जेवायला बसतो. पण उडीवरून सगळ्यांनी झोडपलंय. आमची मुलगी उडी मारण्याआधी क्षणभर गुडघ्यात वाकते आणि मग उडते. इतर खेळांत बटण दाबलं की माणूस थेट हवेत. एकाने लिहिलंय की ही नायिका उडीआधी रीतसर अर्ज करते की काय. आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या मासिकाने दहापैकी सात दिले. खेळ विकणारी कंपनी म्हणते, महिनाअखेरपर्यंत ते वाकणं काढा, नाहीतर तुमचा पुढचा खेळ आम्ही घेणार नाही. ढापण्यालाही ते पटतंय. मी अजून काही ठरवलेलं नाही.

लोभ वाढवू नका, मी तेवढी गुणाची नाही. आहे तेवढा पुरे.

तुमची,
टिटवी


९ जून

चि. टिटवीस,
अ. उ. आशीर्वाद.

सात! अगं, सात मिळाले आणि तू कसली रडगाणी लिहितेस? मी पत्र अर्धवट टाकून तुझ्या आईला हाका मारल्या. ती बिचारी मी पडलो समजून ओल्या हातांनी धावत आली.

उभ्या नोकरीत शाळेच्या मैदानावर हजारो पोरांच्या उड्या मी तपासल्या, पण सातच्या वर कधी गेलो नाही. सातसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. तुला स्वतःला मी पाच दिले होते, त्यावरून तुझ्या आईने धरलेला अबोला मला आजही आठवतो. आठ मी एका गोष्टीसाठी राखून ठेवले होते. उडी मारून खाली उतरताना ज्याचा आवाज मला ऐकू येणार नाही, त्याला आठ. असा कुणी भेटलाच नाही. सगळे पोत्यासारखे धप्पकन पडतात. तेव्हा हा मासिकवाला कडक माणूस दिसतो. मला आवडला.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई येतात, त्यांना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. खाली उतरून चारचौघांत सांगायची फार इच्छा होती, पण तुझ्या जादूगाराने आमच्याही जिन्याच्या पायऱ्या नेल्यात. ऑपरेशन झाल्यापासून मी वरच अडकलोय. म्हणून तुझ्या आईला पाठवून मासिकाचा तो कागद इमारतीच्या फलकावर लावला. सातभोवती लाल पेनाने गोल मी आधीच केला होता.

हा ढापण्या म्हणजे तोच ना, खेळाच्या तासाला ज्याचं हमखास पोट दुखायचं? मग उडीतलं त्याला काय कळणार? आणि त्या वाकण्यावरून एवढा गहजब का, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. न वाकता माणूस उडी मारतो तरी कशी?

आमचा लोभ मार्कांसारखा नाही, तो हातचं राखून दिलेला नाही.

तुझे,
बाबा


१४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तो फलकावरचा कागद काढायला सांगा. मी पाया पडते.

बाबा, आमच्याकडे सात म्हणजे तुमचे सात नव्हेत. इथे चांगल्या खेळाला नऊ मिळतात आणि चालण्यासारख्याला आठ. सात म्हणजे स्थळ बघून आलेले लोक घरी जाऊन म्हणतात ना, मुलगी तशी बरी आहे, त्यातला प्रकार. तुम्ही लाल गोल करून माझी फजिती सगळ्या इमारतीला दाखवलीत. ढापण्या हे ऐकून इतका हसला की त्याचा चष्मा पडला. मला मात्र हसू आलं नाही.

त्याने न वाकणारी उडी करून दाखवली. बटण दाबलं की मुलगी पिसासारखी वर जाते. दिसायला छान दिसतं, खोटं कशाला बोलू? पण मला रडू आलं. कारण ती माझी मुलगी राहिलीच नाही. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नव्हतं, पण ते वाकणं तुमचं आहे. मैदानाच्या कडेला उभं राहून तुम्ही गुडघा म्हणून ओरडायचात आणि आम्ही सगळी घाबरून वाकायचो. तिचं चित्र काढताना पहिल्या दिवसापासून माझ्या कानात तीच आरोळी होती. त्या एका वाकण्याची चित्रं मी किती वेळा पुसून काढली, त्याला सुमार नाही.

पण हट्ट माझा आणि नुकसान दोघांचं. ढापण्याने याच्यासाठी चांगली नोकरी सोडली. माझ्या बाबांच्या गुडघ्यापायी त्याने दारं बंद करून घ्यावीत, असं कुठल्या तोंडाने सांगू? महिना निम्मा सरत आला आणि मला काही सुचत नाही.

चिडून लिहिलं असलं तरी माया पातळ करू नका.

तुमची,
टिटवी


१९ जून

चि. टिटवीस,
अ. आ.

मी लिहितेय, कारण तुझे बाबा सध्या कामात आहेत. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. चष्मा ठेवायला मग जागाच उरली नाही. संध्याकाळी मला म्हणाले की टिटवी जुना कॉम्प्युटर ठेवून गेली होती तो काढ.

तुझा खेळ कसा घालायचा ते मी व्यायामवाल्या बाईंकडून शिकून घेतलं. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाचं मैदान झालंय. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो. पहिल्याच विहिरीत ते इतके वेळा पडले की मला त्या मुलीची दया आली. पडल्यावर तिलाच ओरडतात, स्वतःची चूक म्हणून कबूल करत नाहीत. आणि एक गंमत सांगू? ती वाकली की हेही वाकतात. बाई इतके दिवस गुडघा वाकवा म्हणून विनवत होत्या, त्या काल म्हणाल्या की काका, जरा दमानं.

कानाला यंत्र लावत नाहीत म्हणून आवाज पूर्ण वाढवलाय. तरी त्यांना ऐकू येतच नाही, ऐकतो आम्ही. तुझी मुलगी खाली उतरली की घरभर धप्प होतं. खालच्या वहिनी वर येऊन विचारून गेल्या की कपाटं हलवताय का.

फलकावरचा कागद काढायला मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. ज्या हौसेने त्यांनी तो गोल केला होता, ते बघून माझा हात होत नाही. तुझं काय ते तू ठरव. त्यांच्या पत्रासाठी थांबू नकोस, खेळ संपल्याशिवाय ते पेन उचलणार नाहीत आणि सध्या तिसऱ्या मनोऱ्यावर अडकलेत. वेळेवर जेवत जा.

माझा लोभ तुला ठाऊक आहे, तो काय लिहायचा?

आई


२७ जून

ती. बाबांस व आईस,
शि. सा. न. वि. वि.

ठरलं. वाकणं राहिलं.

आणि ठरवलं कुणी, तर ढापण्याने. हलकी उडी घेऊन तो आख्खा खेळ नव्याने खेळायला बसला, आणि पिसासारखी उडालेली मुलगी अरुंद कठड्यांवरून पलीकडे जाऊन पडायला लागली. सगळे मनोरे आम्ही त्या वाकण्याच्या हिशोबाने रचले होते. ते काढायचं तर राज्यच नव्याने बांधावं लागेल. शेवटी त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला की सरांनी मला शाळेत सोडलं नाही ते आता सोडतील होय.

दोघं मिळून कंपनीत गेलो आणि वाकणं निघणार नाही, असं सांगून आलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या खेळासाठी दुसरं दुकान बघा म्हणाले. दार बंद झालं, हे खरं. वाईटही वाटलं. पण खाली येऊन चहा पिताना आम्ही दोघं वेड्यासारखे खुशीत होतो, का ते आम्हालाही सांगता आलं नसतं.

खरी बातमी पुढेच आहे. सात देणाऱ्या त्या मासिकवाल्याने काल पुन्हा लिहिलं. म्हणतो, पहिल्यांदा घाईत निम्माच खेळलो होतो, आता पूर्ण केला. बोटांना ते वाकणं एकदा कळलं, की इतर खेळांतली माणसं उडी मारत नाहीत, कुणीतरी त्यांना भिरकावतंय असं वाटायला लागतं. ही मुलगी स्वतः उडी मारते, असं त्याने लिहिलंय. बाबा, हे वाक्य मी किती जणांना वाचून दाखवलं ते विचारू नका. मार्क मात्र त्याने वाढवले नाहीत. चौथा मनोरा फार लांबलाय म्हणे, म्हणून सातच.

फलकावरचा कागद राहू द्या.

लोभाची मागणी या खेपेला हक्काने करते.

तुमची,
टिटवी


५ जुलै

चि. टिटवीस,
अ. उ. आशीर्वाद.

काल दुपारी राज्याच्या सगळ्या पायऱ्या परत आणल्या. जादूगाराला जेवता जेवता पकडला.

दुसऱ्यांदा लिहूनही मासिकवाल्याने मार्क बदलले नाहीत, हे मला पसंत पडलं. परीक्षक असा हवा. चौथ्या मनोऱ्याबद्दल त्याचं बरोबर आहे, तिथे मलाही कंटाळा आला. ढापण्याला सांग की त्याच्या सगळ्या पोटदुख्या मी माफ केल्या. कंपनीचं दार बंद झालं त्याची हळहळ वाटतेच, पण तुम्ही दोघं न वाकणारी उडी घेऊन त्या दारातून आत गेला असतात तर मला फार लागलं असतं. तुझा मला अभिमान वाटतो. मैदानावर हे तुला कधी म्हणालो नाही, कारण बाकीची पोरं बघत असायची.

आता मार्कांचं. बापाने लेकीला मार्क देताना जास्तच कडक राहावं, म्हणून यंत्र खणातच ठेवलं आणि शेवटच्या मनोऱ्यावरची उडी पुन्हा पुन्हा मारून, कान अगदी पडद्याला लावून तपासली. वाकणं स्वच्छ. हात वेळेवर पुढे. उतरताना मला जराही आवाज आला नाही. नियम म्हणजे नियम.

आठ.

जुन्या विद्यार्थ्यांना कळू देऊ नकोस, भांडायला येतील. लोभ दहापैकी किती ते विचारू नये.

तुझे,
बाबा

ता. क. आवाज पूर्ण वाढवलेला होता. खालच्या वहिनी पुन्हा वर येऊन गेल्या. पण मी यांना काही बोलले नाही. आज सकाळी लाल पेन खिशाला लावून, कठडा धरून, दर पायरीला आधी नीट वाकत हे एकटे खाली गेले. फलकावर सातच्या शेजारी आठ लिहून, खाली सही करून वर आले आहेत.
आई